विदर्भातून लक्षद्वीपला जहाजानं जायचं असेल तर

लक्षद्वीप भारतातच आहे. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. तरी नुसतं आधार कार्ड दाखवून तिथं उतरता येत नाही. १९६७ सालच्या प्रवेश-निर्बंध नियमांप्रमाणे बाहेरून येणाऱ्या माणसाला परवाना लागतो आणि त्यावर नाव, बेट, तारखा असं सगळं लिहिलेलं असतं. मनाई नव्हे, पण मुभाही नाही, असा हा प्रकार.

कारण समजून घेतलं की कागदपत्रांचा त्रास कमी वाटतो. बेटं ३६, त्यातली वस्तीची १०, आणि सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. म्हणजे जेमतेम आठ हजार एकर, आपल्याकडच्या दोन-तीन मोठ्या गावांचं शिवार. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती आणि त्यातले जवळपास ९५ टक्के अनुसूचित जमातीचे. जमीन एवढीशी, गोडं पाणी त्याहून कमी. मोकळं सोडलं तर दोन हंगामांत बेटं बाहेरच्यांच्या हाती जातील. त्यामुळे हे नियम लवकर सुटतील या आशेवर थांबू नका, आहेत त्या नियमांत बसून जा.

जहाजाचे मार्ग तीन. पहिला म्हणजे लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेचं ‘समुद्रम’ पॅकेज. कोचीहून ‘एम. व्ही. कवरत्ती’ जहाज, पाच दिवस, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही तीन बेटं. दिवसा बेटावर, रात्री जहाजात. दुसरा मार्ग बेटावरच्या लोकांसाठी चालणाऱ्या प्रवासी जहाजाचा. त्याचं भाडं कमी, पण बेटावर राहणाऱ्या कोणीतरी तुमची हमी घ्यावी लागते, आणि जागा आधी बेटवासीयांना. ओळख असेल तरच या वाटेला जा. तिसरा मार्ग मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणाऱ्या खासगी क्रूझचा. विदर्भ एक्सप्रेसनं सीएसएमटीला उतरलं की टर्मिनल हाकेच्या अंतरावर, ही त्याची मोठी सोय. परवान्याचं कामही कंपनीच बघते. पण अशा मोठ्या जहाजावरून एकाच बेटावर काही तास उतरवतात, आणि समुद्र खवळलेला असेल तर तेही नाही. जहाजावरचा डामडौल बघायचा असेल तर क्रूझ घ्या, बेटं बघायची असतील तर समुद्रम. पुढचं सगळं समुद्रम धरून लिहिलं आहे.

महिना ठरवणे

समुद्रम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतच. पावसाळ्यात समुद्र छोट्या बोटींना जवळ येऊ देत नाही. आपल्याकडे ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी, जानेवारीत तूर. शेतकऱ्याला खरा मोकळा वेळ तूर-हरभरा घरात आल्यावर, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्च. मृग बहराचा संत्रा असलेल्यांनी तोडणीच्या सौद्याची तारीख आधी पक्की करावी. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या ४५ अंशांपुढे तिथलं तापमान काहीच नाही, पण दमटपणा असा की अंगावरचा घाम वाळतच नाही. शिवाय त्या दिवसांत शाळांना सुट्ट्या असल्यानं बेटावरचेच लोक जहाजं भरून टाकतात.

रमजान कधी आहे तेही पाहा. बेटांवर जवळपास सगळे मुस्लीम आहेत, त्या महिन्यात दिवसा हॉटेलं बंद असतात. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या तो नेमका आपल्या मोकळ्या दिवसांतच येतो आहे.

कागदं

इथंच बहुतेकांचं घोडं अडतं, म्हणून निदान दोन-अडीच महिने आधी सुरुवात करा.

आधी घरातल्या प्रत्येकाचं आधार कार्ड समोर ठेवा. आधारवर ‘रामराव’, मतदार कार्डावर ‘रामभाऊ’, शाळेच्या दाखल्यावर ‘रामा’ असं असेल तर एकच नाव ठरवा आणि अर्ज, तिकीट, परवाना सगळीकडे आधारप्रमाणेच अक्षर न् अक्षर तेच लिहा. इंग्रजी स्पेलिंगही तेच. बाकीचे कागद दुरुस्त करत बसायची गरज नाही, पण आधारच चुकलं असेल तर ते आधी दुरुस्त करा. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पात गाव उठलेल्यांच्या आधारवर पुष्कळदा जुन्या गावाचाच पत्ता असतो. पोलीस पडताळणी पत्त्यावरच चालते, त्यामुळे तोही आधी बदलून घ्या. आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का हे सेतूवर जाण्याआधी बघा. रिचार्ज संपून बंद पडलेल्या सिमवर ओटीपी येत नाही आणि दिवस फुकट जातो.

मग परवान्यासाठी लागणारा पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पोलीस पडताळणीचा दाखला. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर अर्ज ऑनलाइन होतो, गावाजवळच्या सीएससी केंद्रातूनही भरता येतो. ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा आणि फोटो स्कॅन करून लागतात. पुढं अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातून तुमच्या ठाण्यात येतो. ठाण्यातून फोन आला की त्याच दिवशी मूळ कागद घेऊन जा. ‘वावरात होतो’ म्हणून फोन उचलला नाही तर अर्ज तिथंच पडून राहतो. अर्जात कारण विचारतात, तिथं पर्यटनासाठी लक्षद्वीप प्रवेश परवाना असं स्पष्ट लिहा, नोकरीचा पर्याय टाकू नका.

पॅकेजचं बुकिंग झालं की परवान्याचं काम स्पोर्ट्सच बघते, तुम्ही मागितलेले कागद वेळेत पाठवायचे. त्या हंगामातली यादी त्यांच्या संकेतस्थळावरूनच घ्या. दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याची यादी चालेलच असं नाही. परवाना हातात आला की प्रत्येक नाव, प्रत्येक बेट, येण्या-जाण्याची तारीख बोट ठेवून वाचा. ज्या बेटाचं नाव त्यात नाही तिथं उतरता येत नाही. प्रत्येकी तीन झेरॉक्स काढा, कारण बंदरावर एक, बेटावर पोलिसांकडे एक अशी मागणी होत राहते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दोन दिवसांत परवाना’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. पैसे एखाद्या माणसाच्या नावावरच्या यूपीआयला मागितले आणि पावती कच्च्या कागदावर दिली, की समजून जायचं. एजंटमार्फतच जायचं असेल तर तो मान्यताप्राप्त आहे का, हे स्पोर्ट्सच्या कार्यालयात फोन करून विचारा. खर्च माणशी पंचवीस हजारांच्या वरच धरा. दोघांच्या केबिनला ‘डायमंड’ आणि चौघांच्या केबिनला ‘गोल्ड’ म्हणतात. गोल्डमध्ये संडास-बाथरूम सामाईक असतं. म्हातारी माणसं सोबत असतील तर डायमंडवर पैसे खर्च करा, बाकीच्यांना गोल्ड पुरतं, केबिनमध्ये फक्त झोपायचंच असतं.

गाडी आणि दोन दिवसांचा फरक

रेल्वेचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. जहाजाची तारीख मात्र हवामानामुळे किंवा दुरुस्तीमुळे शेवटच्या आठवड्यातही हलू शकते. दोन्ही एकमेकांना घट्ट बांधू नका. जहाज सुटण्याच्या दोन दिवस आधी एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या रेल्वे स्टेशनला, पोचा आणि परतीची गाडी जहाज परत यायच्या तारखेनंतर दोन दिवसांनी काढा. कोचीत जास्तीच्या राहण्याचा खर्च होतो, पण जहाज चुकलं तर परवान्याची तारीखही जाते आणि मग सगळं पहिल्यापासून.

केरळ एक्सप्रेस नागपूर, बल्लारशावरून थेट एर्नाकुलमला जाते. बिलासपूर आणि कोरबाकडून केरळला जाणाऱ्या गाड्याही या वाटेनं आहेत, त्या रोज नसतात. नागपूरपासून सव्वा ते दीड दिवस धरा. यवतमाळ, अमरावती, वर्धेकडच्यांनी नागपूरला येऊन बसलेलं बरं, मधल्या स्टेशनावर दोन मिनिटांत म्हातारी माणसं आणि बॅगा चढवताना तारांबळ होते. एर्नाकुलम जंक्शनहून विलिंग्डन बेटावर ऑटोनं जाता येतं, तिथंच लक्षद्वीप प्रशासनाचं कार्यालय आणि जहाजाचा धक्का आहे. सुटण्याची वेळ आणि हजर राहण्याची वेळ वेगळी असते. तुम्हाला हवी ती हजर राहण्याची.

बॅगेत काय

एक पाठीवरची बॅग माणशी, त्याहून जास्त नको. का, ते पुढं बोटीत चढताना कळेल. लांब बाह्यांचे दोन सुती शर्ट, टोपी किंवा दुपट्टा, मागं पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल, टॉर्च, रोजच्या गोळ्या आठ-दहा दिवसांच्या जास्तीच्या, दोन-तीन हजार रुपये सुट्या नोटांत. बीएसएनएल किंवा एअरटेलचं सिम घरात एकाकडे तरी असू द्या, बाकी कंपन्यांचा भरवसा धरू नका. तोंडात टाकायला चिवडा, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की. बेटावरचं जेवण खोबऱ्याचं, भाताचं आणि ट्यूना माशाचं. माळकरी किंवा महानुभाव असाल तर शाकाहारी म्हणून बुकिंग करतानाच लिहून द्या, जहाजात चढल्यावर सांगून उपयोग नाही.

दारू नेऊ नका. बंगारम हे एक बेट सोडून सगळीकडे दारूबंदी आहे आणि बॅग तपासतात. खर्राही घरीच ठेवा. पाच दिवस निघत नाहीत असं वाटत असेल तर महिनाभर आधीपासून कमी करत या. जहाजाच्या कठड्यावरून थुंकलेलं खालच्या डेकवरच्या माणसाच्या अंगावर जातं, आणि पन्नी समुद्रात गेली की कासवाच्या पोटात.

जहाजात

कोचीहून बेटापर्यंत १४ ते २० तास लागतात, कोणतं बेट आधी आहे त्यावर. मळमळ पहिल्या रात्रीच होते. एसटीत घाटात ज्यांना उलटी होते त्यांनी अ‍ॅव्होमिनसारखी गोळी जहाज सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. गोळीनं झोप येते. बीपी, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्या दिवशी तर्री-पोहे, सावजी असलं काही नको आणि उपाशीही राहू नका, रिकाम्या पोटी जास्त होतं. जहाज टोकाला जास्त हलतं, मध्यभागी कमी. त्रास झाला तर मधल्या डेकवर उघड्या हवेत जा आणि जिथं आभाळ पाण्याला टेकतं तिथं नजर ठेवा. केबिनमध्ये मोबाईल बघत पडलं की हमखास वाढतं.

बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आणि आत उथळ पाणी, म्हणून मोठं जहाज पुष्कळदा बाहेरच थांबतं आणि बाजूच्या दारातून लहान बोटीत उतरवतात. सगळ्या प्रवासात खरा धोका इथं आहे. बोट लाटेबरोबर वर-खाली होते. खलाशी ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाऊल टाकायचं. बोट वर आलेली असताना चढायचं, खाली जाताना नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून पाठीवरची बॅग. साडी असेल तर काष्टा घाला किंवा त्या दिवशी पंजाबी ड्रेस. लाइफ जॅकेटचे बंद जहाजातच बांधून घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी लाज न बाळगता आधीच सांगावं, खलाशी दोन्हीकडून धरून उतरवतात.

बेटावर

कवरत्तीला उजरा मशिदीचं लाकडी कोरीव काम बघा, बाहेरून आणि विचारून. याच बेटावर २००५ साली समुद्राच्या खोल पाण्याचा गारवा वापरून खारं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला एक लाख लिटरचा. टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या माणसाला तो बीचपेक्षा जास्त बघण्यासारखा वाटेल. वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, जास्त उपसलं की खालून खारं वर येतं. आंघोळीला पाणी जपून वापरा.

कल्पेनीचं खाजण, म्हणजे प्रवाळाच्या कठड्याआतलं उथळ पाणी, पोहण्यासाठी सगळ्यांत सोपं. मिनिकॉय बाकीच्या बेटांपासून दूर, ‘नाइन डिग्री चॅनल’ या समुद्राच्या पट्ट्यापलीकडे, मालदीवकडे. भाषा वेगळी, महल नावाची. १८८५ सालचा दीपस्तंभ आहे, चढू देत असतील तर चढा.

स्नॉर्केलिंगची, म्हणजे मास्क लावून नळीनं श्वास घेत पाण्याखालचं बघण्याची, तयारी घरीच करता येते. बादलीभर पाण्यात तोंड बुडवून नळीनं फक्त तोंडानं श्वास घेण्याची सवय करा, कारण नाकानं श्वास घ्यायचा प्रयत्न झाला की माणूस घाबरतो. मिशा असतील तर मास्कमध्ये पाणी शिरतं, वरच्या ओठावर व्हॅसलीन चोपडल्यानं कमी होतं. काचेला आतून थुंकी चोळून धुतली की धुकं धरत नाही. चष्मा मास्कच्या आत बसत नाही, जाड नंबर असेल तर काचेच्या तळाच्या बोटीतून बघा. पोहता येत नसलं तरी जॅकेट घालून उथळ पाण्यात सगळं दिसतं. प्रवाळावर उभं राहू नका. ते सुरीसारखं कापतं आणि जखम आठवडे भरत नाही, शिवाय तुमच्या वजनानं तेही मरतं.

‘आम्ही उन्हातलीच माणसं’ म्हणून शर्ट काढू नका. पांढरी वाळू आणि पाणी दोन्हीकडून ऊन उलटं येतं, पाठ आणि पोटऱ्या दुपारपर्यंत भाजतात. पोहण्याचे कपडे किनाऱ्यावरच, गावातून फिरताना अंग झाकलेलं हवं. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

निघताना पोरांचे खिसे बघा. प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, वन्यजीव कायद्यात बसतो आणि तपासणीत सापडला तर मोठ्या माणसाला उत्तर द्यावं लागतं. न्यायचंच असेल तर ट्यूनाचे डबे, खोबरेल किंवा नारळाच्या गुळाची मिठाई घ्या. डबे परतीच्या गाडीत बर्थखाली मावतात आणि तेलाची बाटली मात्र दोन पिशव्यांत बांधून उभीच ठेवा.