ब्रसेल्स : बेलवर नाव नव्हतं म्हणून रजिस्ट्रेशन अडकलेलं

पुण्याहून ब्रसेल्सला आलो तेव्हा 8 कामाच्या दिवसांत कम्यूनमध्ये (म्हणजे नगरपालिका, शहरात अशा 19 आहेत) नोंद करायची एवढं माहीत होतं, ती केली आणि मग पोलीस घरी येऊन पत्ता तपासतो त्याची वाट बघत बसलो. तीन आठवडे कोणी नाही. रेसिडेन्स कार्ड नाही म्हणून बँकेचं खातंपण लटकलं, खूप टेन्शन आलेलं. परत गेलो तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, येऊन गेले, बेलवर तुमचं नावच नव्हतं. घरमालकाने जुन्या भाडेकरूचंच ठेवलेलं! मग पासपोर्टवर आहे अगदी तसं, वडिलांच्या नावासकट, छापून बेल आणि लेटरबॉक्स दोन्हीवर चिकटवलं, वर पारदर्शक टेप, कारण इथे पाऊस सारखा. पाचव्या दिवशी पोलीस आला.

अजून एक, शहरात सगळं फ्रेंच आणि डच दोन्हीत असतं, मिडी आणि झाउड हे एकच स्टेशन, पण ट्रेन फ्लँडर्समध्ये (बेल्जियमचा डच बोलणारा भाग) शिरली की फक्त डच, तिथे मॉन्स शहराचं बेर्गेन होतं नि लिएजचं लाउक. मी दोन्ही नावं मोबाइलमध्ये लिहून ठेवलीयेत.