लेझर एनग्रेव्हिंग: या चुका टाळा, कोरलेलं लाकूड भरून येत नाही

दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी बिघडलेला तुकडा घेऊन येतं आणि विचारतं, "ताई, हे दुरुस्त होईल का?" बहुतेक वेळा होत नाही. लेझर म्हणजे छपाई नव्हे. लाकूड जळून गेलेलं असतं, ते परत येत नाही. नव्याने मशीन घेतलेल्यांना मी कळकळीने सांगते, पहिले पंधरा दिवस ऑर्डर घेऊ नका. भंगारातले तुकडे कोरा.

सगळ्यात जास्त नुकसान मशीनमुळे होत नाही, अक्षरांमुळे होतं. काही वर्षांपूर्वी घराच्या नावाची सागवानी पाटी करायची होती. गिऱ्हाईकाने व्हॉट्सॲपवर नाव पाठवलं, ते मी तसंच उचलून फाइलमध्ये टाकलं. काम सुंदर झालं, पॉलिश झालं, पितळी स्क्रू लावून पाटी दारावर चढली. वास्तुशांतीच्या दिवशी घरातल्या आजींनी उंबऱ्यातच वाचून विचारलं, "रफार 'शी'वर का घातलाय?" पाटीवर 'आर्शीवाद' होतं, 'आशीर्वाद' नाही. रफार 'वा'वर हवा. बोलताना कानाला फरक जाणवत नाही, म्हणून निम्मी माणसं असंच लिहितात. मी माझ्या खर्चाने नवं सागवान आणून पाटी पुन्हा केली. चूक गिऱ्हाईकाची होती असं मला अजूनही वाटत नाही. कोरणाऱ्याने वाचायलाच हवं.

तेव्हापासून कितीही घाई असली तरी पाटी आधी कागदावर खऱ्या मापात छापते, भिंतीला चिकटवते आणि गिऱ्हाईकाला मोठ्याने वाचायला लावते. मग त्याच कागदावर सही. मोबाइलवर फोटो पाठवून "ओके" घेणं मला पुरेसं वाटत नाही, कारण तिथे माणूस डिझाइन पाहतो, अक्षरं वाचत नाही.

दुसरा घोळ फॉन्टचा. डिझाइन एका कॉम्प्युटरवर, मशीन दुसऱ्याला जोडलेलं. तिथे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरं फॉन्टवर अवलंबून न राहता नुसते आकार होतात, मूळ फाइल वेगळी ठेवा. एवढ्यावर थांबू नका. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. पुष्कळदा सॉफ्टवेअर तो चढलेला भाग मोकळा धरतं आणि शिरोरेषेत न कोरलेल्या बारीक फटी राहतात. सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा, मग ओळ सलग येते. इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकलेल्यांना हे कुणी सांगत नाही, कारण त्यांच्या अक्षरांना शिरोरेषाच नसते.

आता रेक्झिन. इथे मी कुणाचीच भीड ठेवत नाही. ओळखीतल्या एका मुलाने नवीन मशीनवर डायऱ्यांची ऑर्डर घेतली. विकणाऱ्याने कव्हर "लेदर"चं सांगितलं होतं. नाकात झोंबणारा धूर येत होता, तरी त्याने खिडकी उघडून काम पुरं केलं. काही आठवड्यांनी मला बोलावलं, तर लेझरचं डोकं जिच्यावरून सरकतं त्या नव्या कोऱ्या गाइड रेलवर तांबूस गंज, बेअरिंग घासत चाललेलं. त्या कव्हरमध्ये पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक होतं. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, ओलाव्यात त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. ते लोखंड खातं, तसंच फुप्फुसंही. एक्झॉस्ट जोरात लावला म्हणून ते चालत नाही.

ओळखायची सोपी रीत आहे. उघड्यावर, तांब्याची तार पक्कडीत धरून लाल होईपर्यंत तापवा, तुकड्याला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, तो माल परत पाठवा. चामडं हवं असेल तर कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं घ्या. त्यावर गडद तपकिरी, स्वच्छ अक्षर उठतं.

ॲक्रिलिक घेताना 'कास्ट' मागा. त्यावर कोरीव भाग दुधी पांढरा दिसतो, स्वस्त एक्स्ट्रुडेड शीटवर तो वितळून फिकट राहतो. शीटच्या मागच्या बाजूने कोरणार असाल तर फाइल आरशासारखी उलटी करा. काचेवर ओला टिश्यू पेपर पसरा, कडा कमी फुटतात. स्टीलच्या तांब्यावर नाव घालायला सीओटू मशीन (कार्बन डायऑक्साइड वायूच्या ट्यूबचं लेझर) चालत नाही, ते धातूवर चालणाऱ्या फायबर लेझरचं काम. निळ्या डायोड लेझरचा प्रकाश पारदर्शक ॲक्रिलिकमधून सरळ पलीकडे जातो, पॉवर वाढवून उपयोग नाही.

पावसाळ्यात प्लाय आणि एमडीएफ ओलावा धरतात, शीट धनुष्यासारखी वाकते, मधे फोकस सुटतो आणि अक्षर जाड, धुरकट येतं. लोक पॉवर वाढवतात. मी चारही कोपऱ्यांत आणि मधोमध फोकस मोजते आणि लोहचुंबकाने शीट दाबून ठेवते. लेझरची ट्यूब पाण्याने गार ठेवणाऱ्या चिलरकडेही ऋतू पाहूनच लक्ष द्यावं लागतं. उन्हाळ्यात पाणी 20-22 अंशांवर ठेवते, पण पावसाळ्यात इतकं गार ठेवलं तर ट्यूबवर दव धरतं, तेव्हा 25च्या आसपास.

आणि मशीन चालू ठेवून चहाला जाणं. ॲक्रिलिक कापताना ज्योत धरली की झाकण उघडेपर्यंत ती बोटभर उंच झालेली असते. माझ्या मशीनशेजारी एक स्टूल, ओलं फडकं आणि सीओटूचं अग्निशामक नळकांडं कायम असतं. फोन वाजला तरी मी आधी पॉज दाबते, मग उचलते.