मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करताय? या चुका टाळा

कोठडीतली मारहाण, कोठडीतला मृत्यू, बेकायदा अटक अशा प्रकरणांचे अर्ज लिहून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. बहुतेक जण येतात ते आयोगाने पहिला अर्ज निकाली काढल्यावर.

सगळ्यात जास्त डोकं उठवते ती 'प्रत माहितीसाठी'ची शेपूट. एका शेतकऱ्याच्या मुलाचा हात पोलीस ठाण्यात मोडला. पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवरचा नमुना घेऊन अर्ज टाइप केला. अर्ज गृहमंत्र्यांना, खाली राष्ट्रपतींपासून तहसीलदारांपर्यंत प्रती, आणि त्या गर्दीत कुठेतरी मानवी हक्क आयोग. पहिलं पान 'लोकशाहीचा खून' वगैरे. कोणत्या ठाण्यात, किती तारखेला, किती वाजता नेलं, याचा पत्ता नाही. सरकारी दवाखान्याचा एक्स-रे रिपोर्ट घरी पिशवीतच राहिला. राष्ट्रीय आयोगाच्या नियमांत स्पष्ट आहे की दुसऱ्याला लिहिलेल्या अर्जाची नुसती प्रत म्हणजे तक्रार नव्हे. प्रकरण बंद.

ते कळेपर्यंत वर्ष संपत आलं होतं, आणि दुसरी मोठी चूक इथेच होते. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, 1993 च्या कलम 36 प्रमाणे घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही. वर्ष घटनेच्या तारखेपासून मोजायचं. एसपींचं उत्तर येऊ दे, निवडणूक होऊ दे, साहेब बदलू दे, असं म्हणत लोक बसून राहतात. त्या मुलाचा अर्ज मी एका पानात नव्याने लिहिला. वर ठाण्याचं नाव, तारीख, वेळ, कोणी नेलं, कोणी पाहिलं, मागे एक्स-रे. मुदत संपायच्या आत तो पोचला आणि आयोगाने पोलिसांकडून अहवाल मागवला. माझे सगळे अर्ज एका पानाचे असतात. नऊ पानं ज्याला लिहायचीत त्याने खुशाल वर्तमानपत्राला पाठवावीत.

राज्य आणि राष्ट्रीय, दोन्ही आयोगांना एकदम अर्ज टाकायचा 'शॉर्टकट' तर अजिबात नको. राज्य आयोगापुढे प्रकरण असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात चौकशी करत नाही. एकच आयोग निवडा.

कोठडीत मृत्यू झाला तर 24 तासांत राष्ट्रीय आयोगाला कळवणं प्रशासनावर बंधनकारक आहे. म्हणून घरचे गप्प बसतात. अहो, तो कागद त्यांच्या बाजूने जातो! तुमचा वेगळा पाठवा.

जमिनीची भांडणं, नोकरीतली बदली, कोर्टात चालू असलेली केस यांसाठी आयोग नाही. निनावी अर्ज तर बघतच नाहीत. फी नाही, त्यामुळे 'आयोगात ओळख आहे' म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

'आरोपींना फाशी द्या' अशीही मागणी असते. आयोगाला शिक्षा देता येत नाही. कलम 18 खाली तो नुकसानभरपाईची, खटला भरण्याची शिफारस सरकारला करतो. तेवढंच मागा, पण नीट मागा.

आणि पोलिसांचा अहवाल तुमच्याकडे म्हणणं मांडायला आला की ते पाकीट कपाटात ठेवू नका. दिलेल्या मुदतीत उत्तर गेलं नाही तर तुम्हाला काही म्हणायचं नाही असं धरून फाईल बंद होते. मी त्याच आठवड्यात मुद्देसूद उत्तर लिहितो, स्पीड पोस्टाने पाठवतो आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवतो.