पोलिस खात्याची संगणक यंत्रणा बदलताय? या चुका टाळा

संगणकीकरणाची पहिली बैठक बहुतेक वेळा मशीन किती आणि कुठल्या कंपनीची, यातच संपते. ते सगळ्यांना कळतं, म्हणून. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेला 'ट्रिलॉजी' या संगणकीकरणाच्या योजनेत नवे संगणक आणि नवं नेटवर्क मिळालं. पण तपासाच्या फायली सांभाळणारं सॉफ्टवेअर, 'व्हर्च्युअल केस फाइल', २००५ मध्ये गुंडाळावं लागलं. त्यावर सुमारे १७ कोटी डॉलर गेले होते.

चूक कागदपत्रं कमी असण्याची नव्हती. मागण्यांचा दस्तऐवज ८०० पानांहून मोठा होता आणि बटणावर कोणता शब्द हवा इथपर्यंत तपशील त्यात होता. नव्हता तो संस्थेच्या एकूण कामकाजाचा आणि यंत्रणांचा आराखडा. त्यात ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर मागण्या बदलत राहिल्या, आयटी प्रमुखही बदलत राहिले. म्हणून निविदेआधी एका गुन्ह्याचा कागद फिर्यादीपासून दोषारोपपत्रापर्यंत कोणाच्या टेबलावरून जातो ते लिहून काढा. नंतरच्या बदलांना मंजुरी देणारा अधिकारी एकच ठेवा, आणि त्याची लगेच बदली होणार नाही हेही पाहा. (आपल्याकडे हे जास्त अवघड.)

जुनी यंत्रणा एका झटक्यात बंद करून नवी सुरू करू नका. एफबीआयचा बेत तोच होता. 'व्हर्च्युअल केस फाइल'च्या जागी आणलेलं पुढचं सॉफ्टवेअर, 'सेंटिनेल', तेही रखडलं. २०१० मध्ये एफबीआयने काम स्वतःच्या हाती घेऊन लहान लहान टप्प्यांत केलं, तेव्हा कुठे ते १ जुलै २०१२ रोजी सर्वांसाठी सुरू झालं.

कायदा बदलेल हे आधीच धरून चाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) जागी भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं कलम ३०२ ऐवजी १०३ झालं. पण घटना ३० जूनची आणि फिर्याद जुलैतली असेल तर कलम भादंविचंच लागतं. म्हणजे यंत्रणेने घटनेची तारीख पाहून कलमांची यादी दाखवायला हवी, नोंदणीची तारीख पाहून नव्हे. कलमं सॉफ्टवेअरच्या आत ठोकून बसवली असतील, तर प्रत्येक दुरुस्तीसाठी ठेकेदाराचे पाय धरावे लागतील.

यंत्रणा सुरू झाली, तरी कर्मचारी कुरकुरतात? ठाणे अंमलदाराशेजारी तासभर बसा. तो आधी वहीत लिहून मग तेच संगणकात चढवत असेल, तर त्याचं काम दुप्पट झालंय. प्रशिक्षणाचा आणखी एक वर्ग लावून ते कमी होत नाही. कोणती वही कोणत्या तारखेपासून बंद, याचा लेखी आदेश वरूनच यावा लागतो.