फिश टँकमध्ये हात घालताना: कापलं, टोचलं, डसलं तर काय करायचं

माझ्या उजव्या तर्जनीच्या पेरावर तांदळाच्या कणीएवढा पांढरट ठिपका आहे. तो पिक्टस कॅटफिशने दिलेला. मासा बोटाएवढाच होता. दुसऱ्या टाकीत हलवायचा म्हणून जाळीने पकडला, तो जाळीतच अडकला आणि मी शहाणा माणूस बोटांनी सोडवायला गेलो. पुढची दोन मिनिटं मी स्वयंपाकघरात एका पायावर नाचत होतो. कळ कोपरापर्यंत गेली. मग सगळेच करतात तेच केलं: हात नळाखाली धरला, त्यावर बर्फ लावला. ठणका काही कमी होईना. गार पाणी हा त्यावर चुकीचा उपाय होता, हे नंतर कळलं.

टाकीतल्या दुखापतींचं हेच आहे. कशाने लागलं यावर काय करायचं ते ठरतं. काचेने कापलं तर गार पाणी, काटा टोचला तर गरम पाणी, आणि प्रवाळाच्या बाबतीत उकळतं पाणी म्हणजे थेट धोका. म्हणून घाबरून काही करण्याआधी टाकीकडे एकदा नीट बघा आणि नक्की काय लागलं ते ओळखा.

हात घालण्याआधी

सगळ्यात आधी वीज, कारण मासा डसून माणूस जाण्यापेक्षा टाकीतल्या विजेने जाण्याची भीती जास्त खरी आहे.

१. हीटर, फिल्टर, दिवा, सगळ्यांचे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं, मग बटण बंद असूनही उपकरणात करंट राहतो.

२. हीटर बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मगच पाणी काढा. तापलेली काचेची नळी पाण्याबाहेर आली की तडकते, आणि तडकलेला हीटर पुन्हा चालू केला की पाण्यात करंट उतरतो.

३. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली एकदा लोंबती ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरून जमिनीवर पडेल, बोर्डात शिरणार नाही.

४. टाकीच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. एमसीबी वेगळी, ती ओव्हरलोडने वायर जळू नये म्हणून असते, तुम्हाला शॉक बसू नये म्हणून नाही.

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, विशेषतः बोटावर चीर असेल तिथे चुरचुरलं, तर ते मनाचे खेळ नसतात. हात काढा, मेन स्विच बंद करा आणि मगच उपकरणं एकेक तपासा. घरातलं कोणी टाकीला चिकटलं असेल तर त्याला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच.

हातावर कापलेलं, खरचटलेलं असेल तर त्या दिवशी पाणी बदलू नका किंवा कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाला. सायफनची नळी तोंडाने ओढायची सवय असेल तर ती आजच सोडा. हाताने दाबायचा पंप असलेले सायफन स्वस्तात मिळतात. फिल्टरचा स्पंज भांड्यांच्या सिंकमध्ये पिळायचा नाही. टाकीच्या पाण्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, आणि घरात कासव असेल तर ही शक्यता आणखी वाढते.

कंबरेबद्दलही सांगून ठेवतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ९० बाय ३८ बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ भरलं तर १५४ लिटर पाणी मावतं. काच आणि खडी वेगळी. "अर्धी रिकामी केलीये, जरा सरकवू" म्हणणारा माणूस नंतर पंधरा दिवस पाट्यासारखा पडून राहतो. वर तळाच्या काचेला पीळ बसून टाकी फुटते ती वेगळीच.

काचेने कापलं, मासा चावला

स्वस्तात बनवून घेतलेल्या टाक्यांच्या कडा घासलेल्या नसतात. शेवाळ खरवडायच्या ब्लेडनेही बोट कापतं. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने चांगली पाच मिनिटं धुवा, मग स्वच्छ कापड लावून घड्याळ लावून दहा मिनिटं दाबून धरा. मध्येच "थांबलं का" म्हणून उघडून बघायचं नाही. काचेचा मोठा तुकडा आत रुतला असेल तर ओढू नका, आजूबाजूने दाब द्या आणि दवाखाना गाठा. बोट बधिर वाटलं, नीट वाकेना किंवा सरळ होईना, तर नस किंवा स्नायूबंध कापला गेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर टाकू नका.

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे मासे चावतात. अंडी घातलेल्या दिवसांत तर हमखास. दुखतं कमी, दचकायला जास्त होतं, आणि खरी जखम हात झटक्याने मागे ओढताना टाकीच्या कडेवर होते. पफरफिशची गोष्ट निराळी; शंखशिंपल्यांची कवचं फोडणारी चोच आहे त्याला. धुण्या-दाबण्याची पद्धत तीच. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा: जखम घाणेरडी असेल आणि त्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटून गेली असतील तर डॉक्टर ते पुन्हा घ्यायला सांगतात.

काटा टोचला

आपल्याकडे शिंगाळा साफ करणाऱ्या बाईला कॅटफिशचा काटा समजावून सांगावा लागत नाही. पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांचा पहिला काटा जाड, बऱ्याच जातींत करवतीसारखा दातेरी, आणि मासा घाबरला की ताठ उभा होऊन तसाच अडकून राहतो. कितीतरी जातींत काट्याच्या कडेने विषग्रंथी असतात. दुकानात मिळणारे पिक्टस, कोरिडोरास, शिंगी, सगळे याच कुळातले. त्यातल्या शिंगीचा दंश सगळ्यांत वाईट.

म्हणून कॅटफिशसाठी जाळी वापरूच नका. प्लॅस्टिकचा मग किंवा डबा पाण्यात आडवा धरा आणि माशाला त्यात हाका. जाळीत अडकलाच तर जाळी कापा. जाळी पन्नास रुपयांत नवी मिळते.

खाऱ्या पाण्याची टाकी असणाऱ्यांकडे लायनफिश असतो. दिसायला नवरदेवाच्या शेल्यासारखा झुलणारा, आणि अंगावर १८ विषारी काटे: पाठीवर १३, पोटाखाली २, शेपटीजवळच्या परात ३. तो मागे लागून डसत नाही, पण कोपऱ्यात सापडला की पाठ पुढे करून अंगावर येतो. गोड्या पाण्यातली पाकट, म्हणजे दुकानातली 'मोटोरो स्टिंगरे', हीही आता हौशी लोकांकडे दिसते. पाकट जाळ्यातून सोडवताना आधी शेपटीकडे बघायचं, हे किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही माहीत असतं. फ्लॅटमध्ये टाकी ठेवणाऱ्याला ते कोणी सांगितलेलं नसतं.

या सगळ्यांच्या विषात प्रथिनं असतात आणि ती उष्णतेने बिघडतात. त्यामुळे उपाय साधा आहे, फक्त क्रम चुकवायचा नाही:

१. अंगठी, बांगडी, घड्याळ आधी काढा. सूज चढली की ती कापूनच काढावी लागतात.

२. जखम स्वच्छ पाण्याने धुवा. वर दिसणारे बारीक तुकडे चिमट्याने काढा. खोल घुसलेला किंवा सांध्याजवळचा काटा उकरू नका. पाकटीचा काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर तो तसाच ठेवून थेट इस्पितळात.

३. बादलीत गरम पाणी घ्या, सोसवेल इतकं, पण ४५ अंश सेल्सिअसच्या वर नको. टाकीचा थर्मामीटर बहुधा इतका वर मोजत नाही. स्वयंपाकाचा असेल तर उत्तम. नसेल तर ज्या हाताला लागलेलं नाही त्या हाताने आधी पाणी तपासा. दुखऱ्या हाताला वेदनेपुढे चटका कळत नाही, आणि गीझरचं पाणी सहज ६० अंशांवर असतं. या उपायात हात भाजून घेतलेले लोक असतात ते असे.

४. हात किंवा पाय ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी निवलं तर आधी हात बाहेर काढा, मग गरम पाणी ओता, पुन्हा तपासा. बऱ्याच वेळा पहिल्या अर्ध्या तासातच ठणका उतरायला लागतो.

५. नंतर पुन्हा साबणाने धुवा आणि सैल झाका. टोचलेली जखम चिकटपट्टीने गच्च बंद करायची नाही.

करायचं नाही ते: वर दोरी आवळणं, चीर देऊन रक्त चोखणं, बर्फ लावणं, हळद किंवा टूथपेस्ट भरणं. हळदीवर माझा राग नाही, पण खोल छिद्रात कोंबलेली हळद नंतर डॉक्टरला खरवडून काढावी लागते.

श्वास लागला, चेहरा किंवा ओठ सुजले, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या तर बादली सोडा आणि १०८ ला फोन करा. दोन-तीन दिवसांनी जखम लाल, गरम, पुवाची झाली किंवा दुखणं पुन्हा वाढलं, तर काट्याचं टोक आत राहिलेलं असू शकतं. एक्स-रे काढून घ्या. ज्यांना यकृताचा आजार आहे, मधुमेह आटोक्यात नाही किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, त्यांनी खाऱ्या पाण्यातली जखम किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी दाखवावी. त्या पाण्यातले व्हिब्रिओ जातीचे काही जंतू अशा माणसांत तासांच्या हिशेबाने पसरतात.

प्रवाळ आणि उकळतं पाणी

खाऱ्या टाकीतल्या दगडांवर झोआंथिड नावाचे बटणांसारखे रंगीत जीव असतात. टाकीवाले त्यांना नुसतं 'झोआ' म्हणतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, आणि निसर्गातल्या अतिजहाल विषांत त्याची गणना होते. हवाईतल्या माउई बेटावर हाना गावाजवळच्या एका डबक्यातल्या 'शेवाळाने' भाल्यांची टोकं विषारी करत, अशी तिथे जुनी कथा होती. संशोधकांनी १९७१ मध्ये त्यातून हे विष वेगळं काढलं, तेव्हा शेवाळ म्हणून ओळखला जाणारा तो जीव प्रवाळाचा भाऊबंद निघाला.

दगडावर नको तिथे झोआ पसरले की लोक दगड पातेल्यात घालून उकळतात. हे विष साध्या उकळीने मरत नाही, उलट वाफेतून घरभर पसरतं. खोकला, ताप, श्वास लागणं, तोंडाला कडवट किंवा धातूची चव, स्नायूदुखी, आणि घरातल्या सगळ्यांना एकदम. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या स्टीव्हंटन गावात टाकी साफ करताना हे विष हवेत गेलं आणि त्या कुटुंबाबरोबर मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही इस्पितळात न्यावं लागलं.

तेव्हा: उकळायचं नाही, गरम पाण्याने धुवायचं नाही, ब्रशने कोरडं घासायचं नाही. दगड पाण्याखाली ठेवूनच काम करा, हातमोजे आणि चष्मा घाला, खिडक्या उघड्या ठेवा. त्रास सुरू झाला तर आधी सगळे घराबाहेर, मग फोन. (आणि किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून टाकीत आणायचा विचार असेल तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.)

ॲनिमोन (समुद्रफूल) किंवा प्रवाळ नुसता चाटून गेला आणि त्वचा चुरचुरली तर चोळू नका, खाऱ्या पाण्यानेच धुवा. फायरवर्म नावाच्या केसाळ समुद्री किड्याची काचेसारखी लव हाताला लागली तर चिकटपट्टी लावून उचलून काढा. चोळलं की ती आणखी आत शिरते.

तीन आठवड्यांनी आलेली गाठ

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. बोटावर एक बारीक खरचटा होता, तो बरा झाला, विसरला. दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तिथे लालसर-जांभळी गाठ येते. फारशी दुखत नाही. चामखीळ म्हणून सोडून देतात, नायट्याचं मलम लावतात. मग मनगटाकडे, पुढच्या हातावर, एका रांगेत आणखी गाठी.

हा मायकोबॅक्टेरियम मरिनम असू शकतो, क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो पहिल्यांदा सापडला. त्याला साधारण ३० अंशांचं तापमान मानवतं, म्हणून तो शरीरात खोल न जाता हातापायांच्या थंड कातडीत राहतो. गडबडही याच गोष्टीमुळे होते: प्रयोगशाळेत क्षयाची तपासणी ३७ अंशांवर करतात, तिथे हा नीट वाढत नाही. आणि तुकडा काढून तपासला तर सूक्ष्मदर्शकाखाली क्षयासारखंच दिसतं. आपल्या देशात तसं दिसलं की डॉक्टरांना पहिल्यांदा टीबीच आठवणार, त्यात त्यांचा दोष नाही.

म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर खुर्चीत बसताबसताच सांगा: "माझ्याकडे फिश टँक आहे, मी त्यात हात घालतो." तपासणी ३० अंशांवरही करायला सांगता येईल का, हे विचारा. निदान झालं की योग्य प्रतिजैविकांनी हा बरा होतो, मात्र गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात आणि गाठी गेल्या म्हणून मध्येच सोडायच्या नसतात. घरात पडलेलं स्टिरॉइडचं मलम मनाने लावू नका.

गोळ्या चालू असेपर्यंत टाकीचं काम दुसऱ्या कोणाकडे तरी द्या, हातमोज्यांसकट. आमच्याकडे पिक्टसच्या प्रकरणानंतर ते धाकट्या भावाकडे गेलं होतं. त्याने पाणी व्यवस्थित बदललं, प्लगही न चुकता काढले. फक्त माशांना दिवसातून चारदा खायला घातलं, आणि महिनाभर मला टाकीच्या आतलं काही दिसलं नाही.