२०० चा प्लॅन, ९४ चा स्पीड

गेल्या महिन्यात इंटरनेट कंपनीचा मेसेज आला: तेवढ्याच पैशात १०० ऐवजी २०० एमबीपीएस. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात मात्र लेकीचा क्लास अडकायचा तो अडकायचाच. कस्टमर केअरचं एकच पालुपद, "राउटर बंद करून चालू करा."

तक्रार करण्याआधी वायफाय बाजूला ठेवा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड टेस्ट करा. माझा आकडा ९४. पुन्हा केली, तरी ९४. आकडा असा ९४-९५ ला हटून बसला की समजायचं, वाटेत कुठेतरी १०० चं बूच बसलंय.

ते शोधायचं कसं? लॅन केबलमध्ये ८ तारा असतात. १०० एमबीपीएसला ४ पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, आठही लागतात. मी कपाटामागे हात घातला, तर कंपनीच्या डब्यापासून राउटरपर्यंतची केबल उंदराने कुरतडलेली! दोन तारा उघड्या. नवी कॅट-६ लावली, १९० आला. केबल धड असेल तर राउटरचे आणि लॅपटॉपचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या खाचा, बघा. एखादा 'फास्ट इथरनेट', म्हणजे जुना १०० एमबीपीएसवाला, निघाला तर स्पीड १०० च्या वर जाणारच नाही.

मग वायफाय. राउटरचे वायफाय दोन असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झचं. फोन ५ वर घ्या, पण राउटरच्याच खोलीत. आमच्या दोन फुटी भिंतीपलीकडे तो ढेपाळतो, तिथे २.४ च बरा. आणि डाउनलोड सेकंदाला २५ एमबी दिसला तर भांडू नका, एमबीपीएस मोजतं बिट, एमबी मोजतं बाइट, आणि एका बाइटचे ८ बिट; २०० भागिले ८ तेवढेच होतात. मी भांडलो होतो.