गाडीच्या भागांचे पावडर कोटिंग : घरी करताना आणि बाहेर देताना या चुका टाळा

पावडर कोटिंग म्हणजे विद्युतभार दिलेली रंगाची पूड गनने धातूवर बसवून ती ओव्हनमध्ये वितळवून पक्की करणे. ते घरी करावे की व्यावसायिकाकडे द्यावे, हा प्रश्न बहुधा खर्चाच्या अंगाने विचारला जातो. हौशी वापराची गन आणि एखादा जुना ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन) मिळाला की काम स्वस्तात होते, असा त्यामागचा हिशेब असतो. ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे, वायपरचा आर्म, फार तर टॅपेट कव्हर (इंजिनवरचे झाकण) अशा लहान भागांपुरता तो खराही ठरतो. मात्र ज्या भागावर गाडीचे वजन, वळण किंवा ब्रेक अवलंबून असतात, त्याचा निर्णय केवळ खर्चावरून घेणे ही या कामातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे. अलॉय व्हील, ब्रेक कॅलिपर आणि लोअर आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा) हे भाग घरच्या यादीतून सरळ वगळावेत. त्यांतले मोठे भाग घरगुती ओव्हनमध्ये मावत नाहीत हे एक कारण झाले. खरी कारणे पुढे येतील.

तयारीत राहिलेली कसर

कोटिंगचे पोपडे निघाल्यावर दोष पावडरीला दिला जातो, पण तो बहुतेक वेळा पावडर मारण्याआधीच झालेला असतो. जुना रंग, गंज आणि ग्रीस पूर्ण निघून उघडा धातू दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये. पॉलिश पेपरने घासणे सपाट पत्र्यासाठी चालून जाते. कोपरे आणि खाचा असलेल्या भागाला ब्लास्टिंगच हवे, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून केलेली सफाई. घरच्या कंप्रेसरवर नदीची साधी वाळू वापरून ब्लास्टिंग करणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण तिच्यातील सिलिकाची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो. अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडी शॉटही (बारीक गोळ्या) मारू नयेत. त्यांचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि पुढे त्याच जागी डाग उमटतात.

ब्लास्टिंगनंतर भाग उघड्या हातांनी हाताळला तर बोटांचा तेलकटपणा त्यावर उतरतो आणि कोटिंगमध्ये माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि गोव्यात, उघड्या लोखंडावर काही तासांतच तांबूस झाक येते. त्यामुळे सकाळी ब्लास्टिंग आणि दुसऱ्या दिवशी पावडर हा बेत तेथे चालत नाही. त्याच हवेत कंप्रेसरच्या टाकीत पाणी जमते. वॉटर सेपरेटर नसेल तर ते गनमधून भागावर येते आणि पावडरीच्या गुठळ्या होतात.

ओतीव अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. टॅपेट कव्हरच्या सूक्ष्म छिद्रांत वर्षानुवर्षांचे इंजिन ऑइल मुरलेले असते. वरून कितीही पुसले तरी ओव्हनमध्ये ते बाहेर येते आणि वितळलेल्या पावडरीतून बुडबुडे काढत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे मागे ठेवते. असे झाल्यास वरून दुसरा थर देऊन उपयोग होत नाही. कोटिंग काढून टाकावे, भाग पावडर शिजण्याच्या तापमानाइतका किंवा किंचित अधिक तापवून अर्धा ते एक तास तसाच कोरा भाजावा, थंड झाल्यावर अ‍ॅसिटोनने पुसावा आणि तेलाचा डाग येईनासा झाल्यावरच पावडर मारावी. सफाईसाठी क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वापरू नये. त्याचा अंश तापल्यास विषारी वायू तयार होऊ शकतात.

घर आणि कारखाना यांतील खरा फरकही येथेच आहे. चांगल्या कारखान्यात लोखंडी भाग ‘सेव्हन टँक’मधून जातो, म्हणजे तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटिंग (गंजरोधक फॉस्फेटचा पातळ थर चढवणे), पॅसिव्हेशन (तो थर पक्का करणे) आणि मधली धुलाई अशा क्रमाने त्याच्यावर प्रक्रिया होते. घरी केलेले काम पहिल्या दिवशी तितकेच चकचकीत दिसते. पण पुढे रस्त्यावरचा खडा लागून टवका उडाला की फॉस्फेटिंग नसलेल्या भागावर गंज त्या टवक्यापासून कोटिंगखाली पसरत जातो. बॉनेटखालच्या ब्रॅकेटला हे चालेल. चाकाजवळच्या भागाला चालणार नाही.

ओव्हनचा आकडा म्हणजे धातूचे तापमान नव्हे

पाकिटावर ‘180 ते 200 अंश सेल्सिअस, 10 ते 15 मिनिटे’ अशा धर्तीची सूचना असते. हे तापमान धातूचे असते, आणि वेळही धातू तितका तापल्यानंतर मोजायची असते. ओटीजीची कळ हवेचे तापमान सांभाळते. पातळ पत्रा लवकर तापतो, तर जाड ओतीव भाग कितीतरी उशिरा. म्हणून दोन्ही एकाच वेळी आत ठेवू नयेत. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवतो, त्यामुळे नेम पावडर बसलेल्या जागेवर धरावा.

अर्धवट शिजलेले कोटिंग डोळ्यांना ओळखू येत नाही, कारण पावडर वितळून चमक आधीच आलेली असते. न दिसणाऱ्या जागी थिनरमध्ये भिजवलेला कापूस घासून पाहावा. चमक जराशी मंदावली तर हरकत नाही. कापसाला रंग लागला तर कोटिंग कच्चे आहे. मध्येच वीज गेली तरी हाच धोका असतो. अशा वेळी भाग बाहेर काढून पुसत बसू नये. वीज आल्यावर धातू पुन्हा ठरलेल्या तापमानाला आणून पूर्ण वेळ द्यावा. उलट, जास्त भाजल्यास पांढरा रंग पिवळसर पडतो आणि त्यावर इलाज नाही.

या कामासाठी एकदा वापरलेल्या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही अन्न शिजवू नये. हवेत दाट उडालेली पावडर पेट घेते, म्हणून गॅसवरचा ओव्हन, शेगडी किंवा देवघरातील समई जवळ असताना गन सुरू करू नये. फ्लॅटची बंदिस्त बाल्कनी या कामाला अजिबात योग्य नाही.

गन आणि अर्थिंग

पावडर चिकटत नसेल तर आधी अर्थिंग पाहावे. अनेक जुन्या घरांत तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नसते, आणि भाग टांगण्याचा, आधी कोटिंग चढलेला हुक पुन्हा वापरला तर विद्युतसंपर्क तुटतो. खोल खाचांत पावडर जात नाही याचे कारण निराळे आहे : विद्युतक्षेत्र आत पोहोचत नाही आणि पावडर कडांवरच जमते. हवेचा दाब आणि व्होल्टेज कमी करून खाचा आधी भराव्यात, मोकळे पृष्ठभाग नंतर. पावडर निवडताना बाहेर उन्हात राहणाऱ्या भागासाठी पॉलिएस्टर घ्यावी. इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला साधी पावडर टिकत नाही.

बाहेर देताना

भाग कारखान्यात सोपवला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे समजणे हीही चूकच आहे. भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूर अशा औद्योगिक वसाहतींत पावडर कोटिंगवाले सहज सापडतील, पण ग्रिल, कपाटे आणि पॅनेल रंगवणाऱ्या प्रत्येकाला अलॉय व्हीलची जाण असेलच असे नाही. जुना रंग कसा काढणार, हे आधी विचारावे. भाग टांगण्याच्या हँगरवरचा रंग भट्टीत जाळून काढण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते. अलॉय व्हीलला ती लावली तर चाक दिसायला ठीक राहते, पण आतून मऊ पडते. या मिश्रधातूची ताकद कारखान्यातील उष्णताप्रक्रियेतून आलेली असते आणि तिचा शेवटचा टप्पा साधारण 150 ते 180 अंशांच्या आसपास होतो, त्यामुळे 200 अंशांवर दीर्घकाळ किंवा वारंवार भाजणे योग्य नाही. चाकांसाठी कमी तापमानाला शिजणारी पावडर मागावी. सस्पेन्शनच्या स्प्रिंग आणि हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारे) बोल्ट अ‍ॅसिडच्या टाकीत घालू देऊ नयेत. पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते आणि अचानक तुटू शकते.

भाग देण्यापूर्वी रबरी बुश, सील, सेन्सर आणि बेअरिंग आपणच काढून द्यावेत. कॅलिपरमधील सील या तापमानाला टिकत नाहीत आणि पिस्टनच्या किंवा स्लाइड पिनच्या बोअरमध्ये पावडर गेली तर ब्रेक अडकतो. बॉडी फिलर भरलेला भाग देऊ नये. तो उष्णतेत सुटतो. जुन्या जीपची चेसिस दिली असेल, तर चेसिस क्रमांकाची जागा ब्लास्टिंग आणि पावडर या दोन्हींपासून झाकण्याची सूचना लेखी द्यावी. अंक पुसट झाले तर पुढे आरटीओत तपासणीच्या वेळी अडचण उभी राहते.

व्हीलवर नट जिथे बसतात त्या जागा आणि हबला टेकणारा मागचा पृष्ठभाग कोरा राहिला पाहिजे, हेही त्याच कागदावर लिहावे. कोटिंगची जाडी साधारण 60 ते 80 मायक्रॉन असते. नटाखाली दाबला गेल्यावर हा थर चेपून पातळ होतो आणि नटाची पकड सैल होते. चाके परत आली की आधी या जागा तपासाव्यात, पावडर आढळल्यास चाके न बसवता दुरुस्तीसाठी परत द्यावीत आणि बसवल्यानंतर 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर टॉर्क रेंचने (नट किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या पान्याने) नट पुन्हा तपासावेत.